तुमचं झाड कोणतं?

झाडेकाकांची लुना गल्लीच्या तोंडाशी फटफटली की आमच्याकडची म्हातारी मंडळी उठून घरात जायची. ओट्यावर पेपर वाचणारा पेपर तिथंच टाकून जायचा. कटिंगच्या दुकानात बसलेले एक निवृत्त हेडमास्तर तर अर्ध्या गालाचा साबण तसाच घेऊन मागच्या दारानं निघून गेले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

काकांमध्ये भिण्यासारखं दिसायला काही नव्हतं. उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, लुनाच्या हँडलला रोपांची पिशवी आणि नखांमध्ये कायमची माती. पण ते तुमच्यासमोर येऊन उभे राहायचे, जरा वाकायचे, काहीतरी हुंगल्यासारखा श्वास आत ओढायचे आणि अगदी हळू, मायेच्या आवाजात विचारायचे,

"तुमचं झाड कोणतं?"

आणि नागपूरच्या महाल भागात, आमच्याकडं, अशी पक्की समजूत होती, की झाडेकाकांनी ज्याला हे विचारलं तो माणूस फार दिवस राहत नाही.

त्यांचं आडनावच झाडे. मनोहर झाडे. उभी हयात त्यांनी विमा विकण्यात घालवली. रोज दिवेलागणीला, म्हणजे घरचा कर्ता पुरुष हमखास घरी सापडतो त्या वेळेला, ते कोणाच्या तरी बैठकीत बसलेले असायचे आणि समोरच्याला विचारत असायचे, "भगवान न करो, पण उद्या तुम्ही नसले त?" हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत म्हटलं होतं की निवृत्त झाल्यावरही त्यांच्या तोंडून मरणाचा विषय जाईना. फक्त आता ते विम्याऐवजी सावली विकायला लागले. "माणूस जाते, सावली राहते," हे त्यांचं नवीन ब्रीदवाक्य. ते म्हणून झालं की काका समोरच्याकडे असे बघत, जणू त्याची सावली आत्ताच मापून ठेवत आहेत.

ही सावली ते विकत होते आमच्या मंडळासाठी. आमच्या गल्लीच्या मागं एक जुनी पायऱ्यांची विहीर आहे. लोक तिला बावली म्हणतात. भोसल्यांच्या काळातली असावी. तिच्या एका अंगाला दगडी ओटा, भोवताली बरीच मोकळी जागा. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा त्या जागेला बगीचा म्हणत आणि तिथं उकिरडा होता. जागा एका देवस्थानची. देवस्थान म्हणालं, सांभाळा, पण खर्च तुमचा. मग आम्ही काही शेजाऱ्यांनी मंडळ काढलं आणि मी शाळेत मराठी शिकवते, अक्षर चांगलं आहे, एवढ्या कारणावरून मला चिटणीस केलं. वर्गणी जमवायचं काम कोणी घेईना. झाडेकाका म्हणाले, "मले द्या. मले लोकं नाही म्हनतात त्याची सवय आहे."

त्यांची योजना साधी होती. माणसानं जिवंतपणीच आपल्यासाठी एक झाड निवडायचं, त्याचा खर्च मंडळाला द्यायचा. तो माणूस गेला की काका ते झाड बावलीपाशी लावणार आणि वाढवणार. झाडावर पाटी नाही. "पाटी लावली त माणूस पाटी वाचते, झाड पाहत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिलं झाड निवडलं एका वकिलांनी. भले गृहस्थ, ओसरीत बसून संत्र सोलत होते. काकांनी विचारलं, ते हसून म्हणाले, "बकुळ लावा, मेल्यावर तरी चांगला वास येईल." पंधरवडा झाला नसेल, गेले. दुसरे मिठाईवाले गुप्ताजी. त्यांनी थट्टेत "कवठ" सांगितलं आणि पुढच्याच मंगळवारी गल्ल्यावर बसल्याबसल्या मान टाकली. पंखा चालू, समोर संत्रा बर्फीचा ट्रे, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, भैया, पाव किलो देना. तिसऱ्या एक धडधाकट बाई होत्या, रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या. त्यांच्यानंतर लोकांनी थट्टा बंद केली.

मी शिकलेली बाई आहे. मी सगळ्यांना सांगायचे, अहो, काका म्हाताऱ्यांनाच विचारतात, म्हातारी माणसं जायचीच. लोक मान डोलवायचे. आणि लुना वाजली की आत जायचे.

याचा एक परिणाम मात्र असा झाला की मंडळाकडं पैसा यायला लागला. लोक काका येण्याच्या आधीच माझ्याकडं वर्गणी आणून द्यायचे. "घ्या मॅडम. बगीच्यासाठी घ्या, विहिरीसाठी घ्या. फक्त काकांले सांगा, आमच्या घरी येऊन विचारू नका म्हनावं." धर्मादाय कामाला लोक पुण्यासाठी पैसे देतात, नावासाठी देतात हे ऐकून होते. आमचा बगीचा भीतीवर फुलला.

एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. सामाजिक कामासाठी त्यांच्याकडे निधी होता आणि झाडांच्या बरोबरीनं कंपनीचा भलामोठा फलक लावायची त्यांची इच्छा होती. काकांनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं, वाकले, श्वास ओढला आणि विचारलंच. साहेबाला कुठं काय माहीत. तो ऐटीत म्हणाला, "पाम." आम्ही सगळे चहाचे कप हातात धरून तसेच उभे. महिनाभर मी रोज पेपरातल्या निधनवार्तांत त्यांचं नाव बघायचे. शेवटी कळलं, साहेबाची राजस्थानात बदली झाली. माझे यजमान विलास म्हणाले, "वाळवंटात पाठवलं त्याले. झाडच नाही तिथं. वाचला."

हसायचो आम्ही. पण बावलीपाशी एकटं जायला मलाही बरं वाटायचं नाही.

एका दुपारी मला जावं लागलं. कुंपणाचं काम बघायचं होतं. नागपूरचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, वारा पडलेला. बकुळ आता माझ्या डोक्याच्या वर गेली होती. मी तिच्याजवळून चालले आणि कोणीतरी खाकरलं. कोर्टात उभं राहून बोलण्याआधी माणूस खाकरतो तसं, नीट, गळा साफ करून. वकीलसाहेब तसंच खाकरायचे. मी जागीच थांबले. तेवढ्यात झाडामागून झाडेकाका निघाले, हातात पाण्याचा झारा.

"काय हो काका," मी म्हणाले, "केवढ्यानं खाकरलात. जीव गेला असता माझा."

काकांनी झारा खाली ठेवला. "मी नाही खाकरलो, वहिनी," ते म्हणाले, आणि बकुळीकडं वळून दटावल्यासारखं बोलले, "बाईमानूस आहे वकीलसाहेब. असं नाही करत जाऊ."

मग पुन्हा पाणी घालायला लागले.

त्याच दिवशी मी धीर करून त्यांना विचारलं, की तुम्ही सगळ्यांना का नाही विचारत? नेमकं काही जणांनाच का?

त्यांनी झाऱ्यातलं उरलेलं पाणी बुंध्याशी ओतलं. मग म्हणाले, "वास येते." 

"कसला?"

"ओल्या मातीचा. नवीन खड्डा खोदला की येते ना, तसा. मानसाच्या जवळ उभा राहिलो की कधी कधी येते. मंग मले राहवत नाही. विचारून घ्यावं वाटते. नाही त राहून जाते."

मी घरी आले आणि भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन झोपले.

आता भांडणाचं सांगते. बावलीतला गाळ निघाला, पायऱ्या मोकळ्या झाल्या, झाडं उभी राहिली. मी मंडळात सुचवलं की आता तो दगडी ओटा दुरुस्त करू आणि वर्षातून एकदा तिथं खडी गंमत ठेवू. आमच्या भागातली ही जुनी कला. शाहीर डफ घेऊन उभा राहतो, मागं ढोलकी, झांजा, एक पुरुषमाणूस लुगडं नेसून बाईचं काम करतो. गाणी, सवाल-जवाब, टोमणे, सगळं उभ्या उभ्या. आता ती करणाऱ्या पार्ट्यांना फारसं कोणी बोलवत नाही. मंडळातले सगळे हो म्हणाले. झाडेकाका उठून उभे राहिले.

"लोकाईनं सावलीसाठी पैसा देला," ते म्हणाले. "गानं हवेत जाते. झाड जमिनीत राहते. मी हा पैसा हवेत उडू देनार नाही."

"काका, कला जगवायची—"

"नाचगानं काहून जगवता? त्याले पाहाले कोनाले वेळ आहे?" त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "करायचं असन त मी या कामातून मोकळा. घ्या तुमचा बगीचा."

काका मंडळ सोडून गेले तर वर्गणी गेली आणि झाडंही गेली, कारण पाणी तेच घालायचे. आणि त्यांचं ऐकावं तर ओटा तसाच कबुतरांच्या विष्ठेत पडून राहणार. मंडळात दोन तट पडले. लोक माझ्याशी बोलताना बावलीचा विषय टाळायला लागले.

अशात थंडीच्या दिवसांत, एका सकाळी, काका आमच्या घरी आले. मिटवून घ्यायला आले असावेत, कारण सोबत पालकाची जुडी आणली होती. माझ्या सासूबाई बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून तुरीच्या शेंगांचे सोले काढत होत्या. त्यांना घरात सगळे आईच म्हणतात. ऐंशी ओलांडलेल्या, कानानं तल्लख, जिभेनं त्याहून. काका लग्नानंतर बरीच वर्षं आमच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहिले होते, त्यामुळे आई त्यांना एकेरीत बोलायच्या.

"ये गा मनोहर. बस. त्या पोरीसंग काहून भांडून राहिला?"

काका बंगईजवळ आले. बसायला म्हणून वाकले आणि तसेच थांबले. त्यांनी श्वास आत ओढला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी ओरडणार होते, काका, नका. पण तोवर उशीर झाला होता.

"मावशी," काका अगदी हळू म्हणाले, "तुमचं झाड कोणतं?"

आतल्या खोलीत विलासच्या हातून कप पडल्याचा आवाज आला.

आईंनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. त्यांच्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. उलट एखाद्या लहान मुलीला जत्रेत काय पाहिजे म्हणून विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"माह्यं झाड?" त्या म्हणाल्या. "अरे, मले कोनी विचारलंच नाही गा आजवर. भाजी कोनती करू, हे विचारतात सगळे."

त्यानंतर आमच्या घरात जे काही झालं ते विचारू नका. विलासनं त्याच दुपारी डॉक्टर आणला. रक्तदाब बघितला, साखर बघितली, ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा यांचं बरं आहे. विलासला ते पटेना. रात्री दोनदोनदा उठून तो आईच्या नाकापुढं हात धरायचा. आई अंधारातच म्हणायच्या, "आहे अजून. झोप." मी वरवर धीर देत होते आणि मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होते. सासू-सून म्हणून आमचं फार गोड होतं असं नाही, पण बंगई रिकामी हलताना डोळ्यापुढं यायची आणि भाकरी तव्यावर करपायची.

आईंना मात्र उत्साह चढला होता. "पाह्यल्याशिवाय कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "लुगडं घेतानी मी दुकान खाली करते. हे त जनमाचं झाड आहे. चल, मले घेऊन चल तिथं." विलास नको नको म्हणत असताना त्यांनी चप्पल घातली.

बावलीपाशी काका खड्डा खणत होते. आई दिसल्याबरोबर कुदळ टाकून पुढं आले आणि हात धरून त्यांना झाडं दाखवू लागले. सोयरिकीला मुलगा दाखवावा तसं.

"हा कडूनिंब पाहा, मावशी. जिम्मेदार झाड आहे."

"नको गा. जल्मभर कडूच खाल्लं."

"मंग आवळा?"

"दात कुठं आहे मले?"

"आपटा?"

"वर्षातून एक दिवस विचारतात त्याले. तेही तोडासाठी."

मला इतक्या दिवसांनी हसू आलं. काका गंभीरपणे एकेक झाड सोडत पुढं चालले होते. आई एका जागी थांबल्या. त्यांनी सगळीकडं एकदा नजर फिरवली आणि सहज विचारलं,

"आन मंदाचं कोणतं आहे यातलं?"

मंदा म्हणजे काकांची बायको. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेलेली. मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल काका कधी बोलत नसत, आणि माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं की एवढ्या झाडांमध्ये तिचं झाड असायला हवं.

काकांनी मान फिरवली. कपाळावरचा घाम पुसताना त्यांच्या भुवईला माती लागली.

"नाही विचारलं," ते शेवटी म्हणाले. "राहून गेलं. ती गेली त्या टायमाले मी एकाच्या घरी बसलो होतो, मावशी. त्याले समजावून राहिलो होतो, की उद्या तुम्ही नसले त तुमच्या बायकोचं काय होईन. दोन घंटे समजावलं. त्यानं पॉलिसी घेतली. मी पेढे घेऊन घरी आलो, त घरात गर्दी."

 मी विलासचा हात धरला होता, का धरला ते मला माहीत नाही.

"सगळ्या गावाले विचारतो मी," काका म्हणाले, "पण तिचं कोनतं लावू? आंबा लावला आन तिले जांभूळ आवडत असन त?"

आईंनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग त्या म्हणाल्या, "अरे बावा, तिले झाडं आवडतच नव्हते."

"काय?"

"आपल्या मागच्या अंगनात तो सीताफळ नव्हता? रोज शिव्या घालत जाय त्याले. पाला पडते, झाडून झाडून कंबर गेली म्हने. तोडून टाका म्हनून माह्या मागं लागली होती."

काका उभे होते तिथंच मातीत बसले. विलास त्यांना धरायला धावला. पण त्यांना काही झालं नव्हतं. ते फक्त बसले.

"मंग तिले आवडत काय होतं?" त्यांनी खालूनच विचारलं. सत्तरी पार केलेला माणूस, आणि शेजारणीला विचारत होता, माझ्या बायकोला काय आवडायचं.

"गंमत," आई म्हणाल्या. "खडी गंमत. मंदिरापाशी पार्टी आली की आम्ही दोघी जाऊन बसत जाऊ. तू त दिवा लागला की लोकाच्या घरी. ती घरी एकटी काय करन? तू यायच्या आधी येऊन जाय ती, भात टाकून देत जाय. तुले कधी समजलंच नाही."

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"सांगितलं असतं त तू तिथं येऊन शाहिराले पॉलिसी विकली असती."

हे ऐकून काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पुष्कळ वेळ ते हात काढले नाहीत. आई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आन तो वासबिस म्हनते ना तू, ओल्या मातीचा, ही पोरगी सांगून राहिली होती मले. तो तुह्याच अंगाचा असन गा. दिवसभर खड्ड्यात त उभा राहते."

काकांनी हात खाली घेतले आणि ते नाकाशी नेऊन हुंगले. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस लुना वाजली नाही. झाडांना पाणी आम्ही पाळीपाळीनं घातलं. लोक म्हणायला लागले, आता काकांनी स्वतःलाच विचारलं वाटते. मी दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन आले, दार बंद. शेजारी म्हणाले, सकाळीच निघून जातात, रामटेकच्या बसमध्ये बसताना दिसले होते.

मग एका सकाळी मी शाळेत निघाले असताना बावलीकडून खरडल्याचा आवाज आला. काका ओट्यावर गुडघे टेकून बसले होते आणि पत्र्यानं कबुतरांची विष्ठा खरडून काढत होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, पार्टी भेटली. मंदा आन मावशी पाहाले जात, तीच; नाव मावशीले विचारून घेतलं होतं मी. जुने शाहीर गेले, पोरगा चालवते आता. धानाची शेती आहे त्याची, मळनी झाली की येतो म्हने." आणि एकदम ओशाळून म्हणाले, "मंडळाले चालन ना?"

मी म्हटलं, मंडळाला चालेल.

आईंनी झाड काही अजून निवडलेलं नाही. विलासनं घाबरत घाबरत विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ठरवलं की जावं लागते. राहू दे पेंडिंगमध्ये." आणि त्या अजून आहेत, बंगईवर आहेत, आणि मी हे लिहीत असताना मला विचारत आहेत की एवढं काय लिहून राहिली, कुकरची शिट्टी झाली ना.

गंमत आम्ही दिवेलागणीलाच ठेवली. काकांचा तसा हट्टच होता. विश्वास बसणार नाही इतकी माणसं आली. सतरंज्या पुरल्या नाहीत, लोक बावलीच्या वरच्या पायऱ्यांवर बसले. मी आईंना पुढं खुर्ची दिली. काका बायकांच्या बाजूला, सतरंजीच्या अगदी काठावर, मांडी घालून बसले. कोणी त्यांना तिथून उठवलं नाही.

शाहिरानं डफावर थाप मारली. पोरसवदा दिसत होता, पण आवाज चांगला तापलेला. देवाचं झालं, सवाल-जवाब झाले, लुगडं नेसलेल्या गड्यानं विलासची भरपूर फजिती केली. हसून हसून पोट दुखलं. उजेड उतरत गेला, झाडं काळी दिसायला लागली. मग शाहिरानं ढोलकीवाल्याला हळू व्हायला सांगितलं आणि एक जुनं गाणं घेतलं. त्याच्या बापाचं असावं.

*धान झालं पिवळं, पाखरं आली दारी,*
*घरधनी माझा गेला कोण्या गावावरी...*

त्यानं पहिली ओळ म्हटली, आणि ती ओळ बावलीतून परत आली.

विहिरीत आवाज घुमतो, त्यात नवल काही नाही. डफ घुमत होता, ढोलकी घुमत होती. पण घुमलेला आवाज म्हणणाऱ्याचाच असतो. हा बारीक होता, बाईचा. आणि तो शाहिराच्या जरासा मागून येत होता. तो ओळीच्या शेवटाला पोहोचला की खालचा आवाज अजून मधल्याच शब्दावर असायचा, आणि मग घाईघाईनं ओळ पुरी करायचा.  मी आजूबाजूला बघितलं. पायऱ्यांवरची माणसं एकेक करून वर सरकत होती. लुगडं नेसलेला गडी झांजा धरून बावलीकडं बघत उभा राहिला होता.

मी आईंकडं वाकले. "आई, तुम्हाला ऐकू येतंय?"

आईंचे डोळे मिटलेले होते. "मंदा तशीच म्हनत जाय," त्या पुटपुटल्या. "नेहमी मांगं. मी तिले कोपर मारत जाऊ, की अवं, चाल ना लवकर."

गाणं संपलं. एक शब्द मागून खालचंही संपलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. शाहिरानं घाम पुसला आणि डफ खाली ठेवायला लागला. त्याला तिथून निघायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

काका उठले. सतरंजीवरून चालत ते बावलीपाशी गेले, भिंतीला हात धरून पायऱ्या उतरले आणि पाण्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसले. वरून त्यांचा फक्त पांढरा शर्ट दिसत होता. बसताना ते जरा एका बाजूला सरकले.

"काका, वर या," विलासनं हाक मारली. "काळोख होऊन राहिला."

काकांनी वर बघितलं ते शाहिराकडं.

"एकदा अजून म्हना ना हेच गानं," ते म्हणाले. कोणाच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस पाणी मागतो तसा त्यांचा आवाज होता. "पण जरा धीरेनं म्हना. ती मांगं राहून राहिली."

शाहिरानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं डफ उचलला, ढोलकीवाल्याला डोळ्यांनी खुणावलं आणि एकेक शब्दानंतर थांबत, वाट बघत, गायला लागला.